अमेरिकेत रेल्वे फाटकांच्या सुरक्षेचं काम करायचं असेल तर

सिव्हिलमध्ये एमएस करून इथल्या राज्यांच्या परिवहन खात्यात लागणारी आपली मुलं पूल मागतात, नाहीतर पेव्हमेंट. फाटकांचा विभाग कुणी मागून घेत नाही. मलाही ती जागा रिकामी होती म्हणूनच मिळाली. आज कुणी विचारलं तर मी हाच विभाग घ्या म्हणेन.

पैशाची चणचण इथे तुलनेने कमी. 'सेक्शन १३०' या तरतुदीतून केंद्र सरकार सगळ्या राज्यांसाठी वर्षाला २४.५ कोटी डॉलर राखून ठेवतं. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने केंद्राचा वाटा ९० वरून १०० टक्के केला. काम अडतं ते सह्यांपाशी. रस्ता काउंटीचा, रूळ खासगी कंपनीचे, आणि दिवे-दांडे बसवणार कंपनीचीच माणसं. त्यामुळे करारनामा वाचायला आणि फोनवर चिवटपणे पाठपुरावा करायला शिका.

कोणतं फाटक आधी, हे ठरवायला सूत्रं आहेत. पण त्यात भरलेली वाहनांची मोजणी कधीकधी फार जुनी असते. जागेवर जाऊन उभं राहिल्याशिवाय यादीवर विश्वास ठेवू नका. आणि जाल तेव्हा रेल्वेचा सिग्नलवाला आणि रस्त्याचा सिग्नलवाला, दोघांनाही एकाच वेळी बोलवा. १९९५ मध्ये इलिनॉयमधल्या फॉक्स रिव्हर ग्रोव्हला शाळेची बस फाटकापुढच्या चौकात लाल दिव्यापाशी थांबली होती आणि तिचा मागचा भाग रुळावर राहिला होता. रेल्वेगाडी येतेय म्हणून, बसला पुढे सरकता यावं यासाठी, चौकातला दिवा हिरवा व्हायला हवा होता, तो झाला, पण फार उशिरा. ७ विद्यार्थी गेले. फाटकाचा इशारा रेल्वेगाडी येण्याच्या किमान २० सेकंद आधी सुरू व्हावा लागतो. त्या सेकंदांत चौकातली रांग रिकामी होते का, हे दोघांना एकमेकांसमोर विचारा.

सगळ्यात अवघड काम म्हणजे फाटक बंद करणं. त्यासाठीची प्रोत्साहन रक्कम आता ७,५०० वरून १ लाख डॉलरपर्यंत गेली आहे. तरी जनसुनावणीत शेतकरी उठतो आणि विचारतो, कापणीच्या दिवसांत ट्रक कुठून नेऊ? प्रश्न रास्तच असतो. शेजारचं फाटक आधी सुधारून द्यायची तयारी असेल तरच हा विषय काढावा, असं माझं मत.

अर्ज करताना एक लक्षात ठेवा: हे काम सगळीकडे परिवहन खात्याकडेच असतं असं नाही. फाटकांवर इलिनॉयमध्ये कॉमर्स कमिशनचं नियंत्रण असतं, कॅलिफोर्नियात पब्लिक युटिलिटीज कमिशनचं. मुलाखतीआधी त्या राज्याचा फाटक-सुरक्षेचा कृती आराखडा वाचून जा.