दारं-खिडक्यांचा तक्ता हाताने भरू नका

एक खिडकी बदलली की प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन आणि तक्ता अशा चार ठिकाणी दुरुस्ती करावी लागते, आणि एखादी जागा हमखास राहून जाते. चार-पाच जणांच्या आर्किटेक्ट ऑफिसात हे तपासायला वेगळा माणूस नसतो. पूर्ण बीआयएम (इमारतीचं माहितीसकट थ्रीडी मॉडेल करून त्यातूनच ड्रॉइंग्ज आणि तक्ते काढायची पद्धत) शिकायला सवड नसली तरी एवढ्या एका कामासाठी ते जरूर वापरा.

१. नव्याने हाती आलेलं छोटं काम निवडा. मुदत जवळ आलेलं नको.

२. भिंती, स्लॅब, दारं, खिडक्या एवढंच मॉडेल करा. बारीक डिटेल नेहमीसारखे टूडीतच काढा. फर्निचरच्या मॉडेलिंगमध्ये आठवडे जातात आणि हाती फारसं काही लागत नाही.

३. प्रत्येक प्रकाराला डी१, डब्ल्यू१ असा मार्क द्या. रुंदी, उंची, मटेरियल ही माहिती त्या प्रकारातच भरा, ड्रॉइंगवर सुटा मजकूर म्हणून लिहू नका. खरा फायदा इथेच आहे: डब्ल्यू१ची रुंदी एकदा बदलली की त्या प्रकारच्या सगळ्या खिडक्या, सगळी ड्रॉइंग्ज आणि तक्ता एकदम बदलतात. नगही आपोआप मोजले जातात.

४. काम झालं की मॉडेल पुसून तीच फाइल टेम्प्लेट म्हणून ठेवा. तक्ते, टॅग, शीट पुढच्या कामाला तयार मिळतात.

स्ट्रक्चरल कन्सल्टंट सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरतात, ते सुरुवातीलाच विचारून घ्या. रेव्हिट या बीआयएम सॉफ्टवेअरची नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. त्यांचं सॉफ्टवेअरच वेगळं असेल, तर आयएफसी (वेगवेगळ्या बीआयएम सॉफ्टवेअरमध्ये चालणारा सामाईक फॉरमॅट) फाइल पाठवा.