लायसन्स होतं, परमिटवर नोंद नव्हती

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली आपली मुलंमुली आर्मी रिझर्व्हबद्दल, म्हणजे तिथल्या अर्धवेळ सैन्याबद्दल, विचारतात तेव्हा पहिला प्रश्न पैशाचा असतो, दुसरा सुट्टीचा. वर्षाचे साधारण २७ दिवस, आठवड्यातली एक संध्याकाळ, काही वीकेंड आणि पंधरा दिवसांचा कॅम्प, एवढं तुम्ही वाचलेलं असेलच. माझा पहिला कॅम्प कशामुळे हातचा गेला, ते मात्र कुणी सांगत नाही.

मी ट्रान्सपोर्टच्या तुकडीत आहे. आमची कोअर म्हणजे रॉयल लॉजिस्टिक कोअर. वाहतूक, साहित्य-दारूगोळा, मजुरीची कामं (पायोनियर), स्वयंपाक आणि टपाल सांभाळणाऱ्या जुन्या शाखा एकत्र करून ती ५ एप्रिल १९९३ला उभी राहिली. रिझर्व्हची मुळं त्याहून जुनी. १९०८मध्ये युद्धमंत्री हाल्डेन यांनी टेरिटोरियल फोर्स हे अर्धवेळ स्वयंसेवकांचं दल सुरू केलं, १९६७मध्ये त्याची फेररचना झाली आणि १५१, १५२ असे रेजिमेंटचे क्रमांक तेव्हापासून चालत आले. ‘आर्मी रिझर्व्ह’ हे नाव तर २०१४चं. बेलफास्टची १५२ इंधनाचे टँकर चालवते. २००३मध्ये इराकसाठी टेरिटोरियलमधली माणसं मोठ्या संख्येने बोलावली गेली. त्यामुळे हा शनिवार-रविवारचा छंद आहे असं समजून येणार असाल तर येऊ नका.

आता माझी चूक. सैन्यातर्फे शिकून मी ट्रकचं सी कॅटेगरीचं लायसन्स काढलं आणि समजले, झालं! पण सैन्याची गाडी नुसत्या लायसन्सवर चालवता येत नाही. त्याला एफएमटी ६०० नावाचं वेगळं परमिट लागतं आणि त्यावर गाडीच्या प्रत्येक प्रकाराची वेगळी नोंद लागते. मॅन कंपनीच्या सहा टनी ट्रकची नोंद म्हणजे पंधरा टनीची नोंद नव्हे. आणि त्या पंधरा टनी गाडीवर आकड्याचा हात बसवलेला असेल, म्हणजे ईपीएलएस, तर त्याचं प्रशिक्षण आणखी वेगळं, नोंदही वेगळी. तो हात मागे झुकतो, जमिनीवरच्या फ्लॅटरॅकचा, म्हणजे माल ठेवायच्या सपाट सांगाड्याचा, दांडा आकड्यात अडकवतो आणि टनावारी माल उचलून पाठीवर घेतो. तुम्ही ते यंत्र शंभरदा पाहिलं असेल, शेजारी बसून फिरलाही असाल, तरी नोंद नाही म्हणजे नाही.

सॅलिसबरी प्लेन या सैन्याच्या सरावाच्या माळावर पहाटे पाच वाजता, पावसात, टॉर्च तोंडात धरून मी फर्स्ट परेड, म्हणजे गाडी काढण्याआधीची तपासणी, केली. तेल, टायर, चाकांचे नट, दिवे, सगळं तपासलं. वर्क टिकेटवर, म्हणजे गाडी बाहेर काढायच्या कागदावर, सही घ्यायला गेले तेव्हा कॉर्पोरलने परमिट उघडलं, बोट खाली नेलं आणि थांबवलं. ईपीएलएसची ओळच नव्हती. पुढचे दहा दिवस मी माल मोजला आणि जाळ्या बांधल्या. त्या पहाटेचं आठवलं की अजून पोटात कालवतं.

दोष माझाच. कोर्सनंतर नोंद ‘आपोआप होते’ असं एका सोबत्याने सांगितलं आणि मी मान डोलावली. असल्या आपोआपवाल्यांपासून लांब राहा. ‘या खेपेला चालव, सही मागून घेऊ’ म्हणणाऱ्यापासून तर चार हात लांब, कारण अपघात झाला तर तुमच्या बाजूने कागदाचा एक चिटोराही नसेल. माझं ठाम मत आहे की नव्या माणसाने सल्ला अधिकाऱ्याला नाही, गाड्यांच्या ऑफिसातल्या जुन्या कॉर्पोरलला विचारावा. थोडं बोलणं खावं लागतं, पण उत्तर पक्कं मिळतं.

आणखी एक. सैन्यात काढलेलं लायसन्स बाहेर चालतं, पण पगारावर लॉरी चालवायची तर ड्रायव्हर सीपीसी हे व्यावसायिक चालकाचं प्रमाणपत्र लागतं. नोकरी सोडायच्या आधी तेवढं बघा.

घाबरू मात्र नका. मी दिवसभर कंप्युटरसमोर बसणारी, पाच फूट एक इंच उंचीची बाई, आणि आज तीच पंधरा टनी, आठ चाकी गाडी रिव्हर्समध्ये फ्लॅटरॅकला लावते. पहिल्या वीस वेळा आकडा चुकेल, तो सगळ्यांचाच चुकतो. कॅम्पच्या सहा आठवडे आधी, कुठली गाडी मिळणार हे विचारून, परमिट घेऊन त्या ऑफिसात जा आणि नोंद डोळ्यांसमोर करून घ्या.