स्विचवर रिमोट लॉगिन लावताना या चुका टाळा

पणजीत पाटोवरचं ऑफिस असो, वेर्ण्याचा कारखाना असो की काणकोणातलं हॉटेल, दुसऱ्याने लावलेला स्विच (नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांना जोडणारा डबा) दुरुस्त करायला गेलं की त्याच त्या चुका भेटतात. माझ्या वाट्याला सिस्को कंपनीचे स्विच जास्त येतात, म्हणून उदाहरणं त्यांचीच देतो.

सगळ्यात महागात पडते ती चालू सेशनवर भरवसा ठेवण्याची चूक. व्हीटीवाय लाइनवर, म्हणजे दुरून लॉगिन होतं त्या वाटेवर, ‘अ‍ॅक्सेस-क्लास’ (कोणत्या पत्त्यांना आत घ्यायचं त्याची लिस्ट लागू करणारा नियम) लावला, एरर आला नाही, आपण अजून आतच आहोत, म्हणजे सगळं बरोबर आहे असं लोक धरून चालतात. पण हा नियम आधीपासून आत असलेल्या माणसाला हात लावत नाही. तपासणी होते ती नवीन कनेक्शन आत येताना. त्यामुळे चुकीची लिस्ट लावूनही तुमचं काम सुखात चालू राहतं, आणि लॉगआउट केल्यावर दार कायमचं लागतं.

काणकोणच्या एका हॉटेलात भर जुलैमध्ये हेच झालं. फोंड्यात बसून एक मुलगा तिथला स्विच सेट करत होता. हुशार मुलगा, पण घाईचा. अ‍ॅक्सेस-लिस्टमध्ये त्याने आपल्या ऑफिसचं नेटवर्क तेवढं घातलं. तो जात होता व्हीपीएनमधून (इंटरनेटवरचा खासगी बोगदा), त्यामुळे स्विचला त्याचा पत्ता दिसत होता व्हीपीएनच्या पूलमधला, म्हणजे व्हीपीएनने वाटलेल्या पत्त्यांपैकी. लिस्ट लावली, ‘राइट मेमरी’ (सेव्हची कमांड) मारलं, बाहेर पडला. परत जायला बघतो तर कनेक्शन नाकारलं. मला फोन आला, “सर, आत घेतच नाही. हॉटेलवाल्यांना सांगून स्विच बंद-चालू करूया?” करून काय उपयोग? चुकीची लिस्ट सेव्ह झालेली. स्विच उठणार तो तीच लिस्ट घेऊन. शेवटी कन्सोल केबल (लॅपटॉप स्विचला थेट जोडणारी तार) पिशवीत टाकून, मडगाव ओलांडून, धो धो पावसात करमळ घाटातून आम्ही दोघं गेलो. रॅक पंपाच्या खोलीत होता. काम एका ओळीचं, आणि अख्खा दिवस गेला.

दूरच्या स्विचवर लॉगिनला हात लावण्याआधी मी ‘रीलोड इन १०’ देतो. म्हणजे दहा मिनिटांत मी ते रद्द केलं नाही, तर स्विच स्वतः रीबूट होऊन जुन्या सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर परत येतो. ही कमांड देताना, आधीचे बदल सेव्ह न झालेले असतील तर स्विच विचारतो, सेव्ह करू का? ते अर्धवट बदल ठेवायचे नसतील तर ‘नो’ म्हणा. मग बदल करायचा, पहिली खिडकी तशीच उघडी ठेवायची, दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करायचं आणि ‘इनेबल’पर्यंत (पूर्ण अधिकाराच्या पातळीपर्यंत) जाऊन बघायचं. गेलं तर ‘रीलोड कॅन्सल’, आणि सेव्ह सगळ्यात शेवटी. रीबूट झालाच तर काही मिनिटं सगळ्यांचं नेटवर्क जातं, म्हणून रिसेप्शनला आधी सांगून ठेवा. हे सगळं ‘वेळखाऊ’ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मी दूरच्या साइटचं काम देत नाही.

दुसरी चूक टेलनेट, म्हणजे दुरून लॉगिन करायची जुनी पद्धत, ‘सध्यापुरतं’ चालू ठेवण्याची. हे सध्यापुरतं वर्षानुवर्षं टिकतं. टेलनेट पोर्ट २३ वर पासवर्ड उघडा पाठवतं, वाटेत ऐकणाऱ्याला तो जसाच्या तसा वाचता येतो. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, म्हणून तर तिथल्या तातू यलोनेनने एसएसएच, म्हणजे सगळं गुप्त करून पाठवणारी लॉगिनची पद्धत, लिहिलं. आता नवा लॅपटॉप जुन्या स्विचला नकार देतो, कारण २०२१ च्या ओपनएसएसएच ८.८ पासून (एसएसएचचा नेहमीचा प्रोग्राम) एसएचए-१ च्या आरएसए सह्या, म्हणजे ओळख पटवायची जुनी पद्धत, आपण चालू केल्याशिवाय बंदच असतात. त्यावर लोक काय करतात? टेलनेट उघडतात! स्विचचं आयओएस (त्याची ऑपरेटिंग सिस्टिम) नवं करा. ते जमत नसेल तर लॅपटॉपवर त्या एकाच स्विचपुरती जुनी पद्धत चालू करा.

एसएसएच लावताना होस्टनेम आणि डोमेन-नेम आधी द्या, नाहीतर नेहमीच्या पद्धतीने आरएसए की (एसएसएचला लागणारी गुप्त किल्ली) बनत नाही. की २०४८ बिटची ठेवा. एसएसएचची आवृत्ती २ सक्तीची करा.

‘लाइन व्हीटीवाय ० ४’ सेट करून थांबू नका. पुढे ५ ते १५ आहेत. पहिल्या पाच लाइनवर ‘एक्झेक-टाइमआउट ० ०’ (रिकामं सेशन कधीच बंद करू नको) दिलेलं असेल तर अडकलेली सेशन लाइन धरून बसतात, आणि मग सहाव्या माणसाला वेगळाच नियम लागतो. सगळ्या सोळा लाइनवर ‘लॉगिन लोकल’ (स्विचवरचाच युजर-पासवर्ड विचार) आणि ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’ (फक्त एसएसएच आत घे) एकत्रच द्या.

शेजारच्या टेबलावरून पिंग लागला म्हणजे झालं, असं मानू नका. त्याच व्हीलॅनमधून (स्विचवर वेगळा पाडलेला नेटवर्कचा भाग) गेटवे, म्हणजे दुसऱ्या नेटवर्ककडे जायचं दार, लागतच नाही. दुसऱ्या नेटवर्कवरून बघितलं की कळतं, ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे’ विसरलाय. आणि स्विचवर ‘आयपी राउटिंग’ (स्विचने स्वतःच नेटवर्कांमधली वाट ठरवणं) चालू असेल तर ती ओळ लिहूनही उपयोग नाही, तिथे डिफॉल्ट राउट लागतो.

युजरचा पासवर्ड ‘सिक्रेट’ने द्या. टाइप ७, म्हणजे पासवर्ड झाकायची सिस्कोची जुनी कच्ची पद्धत, क्षणात उलगडतो.

आणि लॉगिन तपासून झालं की सेव्ह करायला विसरू नका. जूनमध्ये वीज गेली की सेव्ह न केलेलं सगळं पुसलं जातं, आणि मग “काल चालत होतं” असा फोन येतो.

साइट सोडताना स्विचचा आयपी आणि मॅनेजमेंट व्हीलॅन (लॉगिनसाठी ठेवलेला) रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि एक कन्सोल केबल रॅकमध्येच बांधून ठेवा. कन्सोलचा वेग नेहमीचा ९६०० सोडून दुसरा ठेवला असेल तर तोही तिथेच लिहा.