उन्हाळ्यातला ताडोबा जलरंगात: वाघ गवतात कसा मुरवावा

वाघाचे चित्र काढायचे म्हटले की बहुतेक जण आधी नारिंगी वाघ रंगवतात, ट्यूबमधल्या काळ्याने त्यावर पट्टे ओढतात आणि उरलेल्या जागेत जंगल भरतात. तो वाघ कुठल्याही कॅलेंडरवर शोभेल, ताडोबात नाही. खालची पद्धत एप्रिल-मे महिन्यांसाठी आहे. तेव्हा साग निष्पर्ण असतो, बांबू आणि गवत वाळून पिवळट पडलेले असते आणि वाघ पाणवठ्याच्या आसपास सापडतो.

जागा ठरवा. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला, पुढे १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झाले आणि दोन्ही मिळून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प. माणसाच्या खुणा मात्र त्याहून कितीतरी जुन्या आहेत आणि चित्राची मांडणी त्यांच्यामुळेच सोपी होते. मोहर्ली प्रवेशद्वाराकडून ताडोबा तळ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला गोंड राजांच्या काळातले म्हणून दाखवले जाणारे दगडी खांब लागतात. झाडीची उंची दाखवायला असा एक खांब पुरतो. तळ्याकाठी तारू देवाचे ठाणे आहे. जामणी आणि नवेगाव इथली गावे हलवल्यावर त्यांच्या शेतांची कुरणे झाली, म्हणून तिथे उजेड मोकळा पडतो आणि पाठीमागे झाडीची गडद भिंत मिळते. नवख्याने कुरणापासूनच सुरुवात करावी.

टिपणे घ्या. जिप्सीतून उतरता येत नाही आणि चालत्या गाडीत रंग लावता येत नाही. पाणवठ्यावर गाडी थांबली की पेन्सिलने फक्त गडद आणि फिकट भागांची विभागणी करा. तपशील कॅमेऱ्यावर सोडा.

रेखाटन. कोल्ड प्रेस (मध्यम खरबरीत), ३०० जीएसएम (म्हणजे जाड), सुती कागद. पेन्सिल हलकी.

पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर. यलो ऑकरमध्ये थोडा रॉ सिएना मिसळून गवत आणि वाघ दोन्हींवर एकदमच फिरवा. वाघाची कड पाळू नका. डोळ्यांवरचे ठिपके, गाल, हनुवटी, पोट आणि पायांची आतली बाजू तेवढी कोरी ठेवा. कागद ओलसर असतानाच पाठीवर आणि खांद्यावर बर्न्ट सिएना सोडा. तो कडेला थोडा गवतात पसरला तर पसरू द्या. मग पूर्ण वाळू द्या.

पट्टे आणि सावल्या. सगळे चित्र इथे बिघडते. मलाही ही पायरी बराच काळ छळत होती.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. चितळ-सांबरांच्या डोळ्यांना नारिंगी आणि हिरवा वेगळे ओळखू येत नाहीत. त्यांच्यापुढे वाघ लपतो तो उजेड-सावलीच्या जोरावर. म्हणून चित्रातही रंगापेक्षा टोन, म्हणजे रंगाचा गडद-फिकटपणा, सांभाळायचा. वाघाच्या अंगाचा टोन मागच्या गवताएवढाच हवा.

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांचा दाट गडद रंग भरपूर कालवा. काळी ट्यूब बंदच ठेवा. तिच्या काळ्यात उन्हाची ऊब नसते आणि पट्टे वरून चिकटवल्यासारखे दिसतात. आता गवताच्या पाती रंगवू नका, पात्यांमधली सावली रंगवा. डावीकडून सुरू करून सावल्या भरत वाघापर्यंत या आणि ब्रश न धुता, त्याच रंगाने, अंगावरचे पट्टे काढत पलीकडच्या गवतात निघून जा. गवत आधी आणि पट्टे नंतर असे दोन हप्ते केलेत की वाघ सुटा पडलाच.

पट्टा शरीराच्या गोलाईने वळतो. बरगड्यांवर तो बाक घेतो, कुठे दुहेरी होतो, पोटाकडे निमुळता होऊन विरतो. सरळ रेघ ओढाल तर वाघ पत्र्याचा होईल. समोरून पाते जात असेल तिथे पट्टा तोडा. जितके पट्टे तुटतील तितका वाघ गवतात खोल जाईल.

पाती राखायला मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखणारा, नंतर सोलून काढायचा रबरी द्रव) लावा, असे सर्रास सांगतात. मुळीच लावू नका. शेवयांसारख्या एकसारख्या जाडीच्या रेघा उरतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते कागदाला असे धरते की सोलताना वरचा थर निघून येतो.

झाडी. मागचे साग एका फिकट, थंड वॉशमध्ये उरका. कांडोळाचे एखादे पांढरट खोड कोरे राखा.

डोळे. शेवटी, बारीक ब्रशने. बुबुळाला फिकट ऑकर, वर पापणीची सावली.

तपासणी. चित्राचा फोटो काढून कृष्णधवल करा. वाघ ताबडतोब उठून दिसला तर ज्या बाजूला तो उजळ आहे तिथे बर्न्ट सिएनाचा अगदी पातळ वॉश द्या आणि वाळल्यावर पुन्हा फोटो काढा. पांढऱ्या गुआशने (अपारदर्शक जलरंगाने) पाती वरून ओढून त्याला झाकू नका, गढूळ होते. मिशांपुरता गुआश चालेल.