'कन्फ्यूज' शिकवताना मी जिथे चुकले

स्पॅनिश येतं, इंग्रजी येतं, म्हणून लॅटिन अमेरिकेतल्या लोकांना ऑनलाइन इंग्रजी शिकवायचं ठरवलं असेल, तर वेळेची काळजी करू नका. मेक्सिको सिटीत संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा. व्याकरणही जमेल. फक्त स्पॅनिश आणि इंग्रजीत सारख्या दिसणाऱ्या शब्दांची तयार यादी कुणाच्या हातात देऊ नका. मी दिली होती.

तिच्यात 'कोन्फुन्दिर म्हणजे कन्फ्यूज' असं होतं. दोन्हींचं मूळ लॅटिनमधलं 'एकत्र ओतणे', त्यामुळे मला शंकाच आली नाही. माझा एक विद्यार्थी ग्राहकाला फोनवर म्हणाला, 'यू आर कन्फ्यूज्ड.' त्याला म्हणायचं होतं, 'तुमची काहीतरी गफलत होतेय.' स्पॅनिशमध्ये 'एस्ता कोन्फुन्दिदो'चा तोही अर्थ होतो. इंग्रजीत मात्र 'तुम्हाला काही समजत नाहीये' असं ऐकू गेलं आणि ग्राहक दुखावला. पुढच्या तासाला मुलगा गप्प बसला होता. ते मला अजून टोचतं. तिथे 'आय थिंक देअर्ज बीन अ मिक्स-अप' हवं होतं, आणि ते मी शिकवलेलंच नव्हतं.

'मे कोन्फुन्दी' म्हणजे 'माझी चूक झाली'. विद्यार्थी त्याचं नुसतं 'आय कन्फ्यूज्ड' करतात आणि वाक्य लटकतं, कारण कुणाला गोंधळात टाकलं हे इंग्रजी विचारते. 'आय गॉट मिक्स्ड अप' शिकवा. दार चुकलं तर 'राँग डोअर', फोन चुकला तर 'राँग नंबर'; तिथे हे क्रियापद येतच नाही. 'ते कोन्फुन्दी कोन तु एर्मानो' म्हणजे 'मी तुला तुझा भाऊ समजले'. इथे 'कन्फ्यूज्ड यू विथ युअर ब्रदर' चालतं, पण 'विथ'पासून पुढचं गळालं की 'मी तुला गोंधळात टाकलं' असा अर्थ होतो.

'कोन्फुसो' हे स्पॅनिश विशेषण माणसालाही लागतं आणि मजकुरालाही, म्हणून विद्यार्थी बिनदिक्कत 'आय अ‍ॅम कन्फ्यूजिंग' म्हणतात. आपल्याकडे 'गोंधळलेला' आणि 'गोंधळात टाकणारा' वेगळे आहेत. तुमचा कान ही चूक लगेच पकडेल, निर्धास्त राहा.

'अर्धी इंग्रजी त्यांना आधीच येते' असं सांगणारे अनुभवी शिक्षक भेटतील. मला ते पटत नाही. त्या अर्ध्यातच हे सगळं दडलेलं असतं. पहिल्या आठवड्यात फक्त 'मे कोन्फुन्दी' घ्या, 'कोन्फुसो' नंतर. त्याच मुळातून आलेल्या इंग्रजी 'कन्फाउंड'ला इतक्यात हात लावू नका.