ठाण्याहून अल्सासला: कोलमारमध्ये मुक्काम ठेवून पाच दिवस

अल्सास हा फ्रान्सचा पूर्वेकडचा प्रांत. तिथला बेत बहुतेक जण स्वित्झर्लंडला जोडून आखतात आणि तिथेच व्हिसाचा घोळ होतो. शेंगेन व्हिसासाठी (फ्रान्स, स्वित्झर्लंड धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे मुक्कामाच्या रात्री जास्त आहेत. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. म्हणून आधी रात्री मोजा, मग अपॉइंटमेंट घ्या. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्याच्या सुट्टीत निघायचं असेल तर फेब्रुवारीतच कामाला लागा, कारण तेव्हा ठाणे-मुंबईतलं प्रत्येक कुटुंब त्याच रांगेत असतं. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला असावा आणि परतीनंतर तीन महिने तरी चालणारा असावा.

मुक्काम स्त्रासबूर या मोठ्या शहरापेक्षा छोट्या कोलमारला ठेवा. पॅरिसच्या गार द लेस्त स्थानकावरून वेगवान ट्रेन पावणेदोन तासांत स्त्रासबूरला पोचते. तिचं तिकीट जितकं उशिरा काढाल तितकं महाग. स्त्रासबूर ते कोलमार प्रादेशिक गाडीने अर्धा-पाऊण तास, त्यात आरक्षण लागत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलहून येणाऱ्यांना कोलमार पाऊण तासाच्या आसपास पडतं.

स्त्रासबूरला एक अख्खा दिवस द्या. कॅथेड्रलचा मनोरा 142 मीटरचा, 1439 मध्ये पुरा झालेला. वरच्या गच्चीपर्यंत चढायला सुमारे 330 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना खाली खगोलीय घड्याळापाशी बसवा. त्यातल्या प्रेषितांच्या (येशूच्या शिष्यांच्या) बाहुल्यांची फेरी दुपारी साडेबाराला निघते, बाराला नाही, आणि तिचं तिकीट वेगळं असतं.

कोलमारचं उंटरलिंडेन संग्रहालय मंगळवारी बंद असतं. इथलं इसेनहाइम वेदीचित्र, म्हणजे चर्चच्या वेदीसाठी रंगवलेलं चित्र (1512 ते 1516, चित्रकार ग्र्यूनेवाल्ड), घाईने बघू नका. ते मुळात दारांसारखं उघडणारं होतं. आता भाग सुटे मांडले आहेत, म्हणून पुढून बघून झाल्यावर मागे जायला विसरू नका, अर्धी चित्रं तिथे आहेत. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा घडवणारा बार्तोल्दी 1834 मध्ये याच गावात जन्मला.

पुढचे दिवस गावांचे. एगिसहाइम पाच-सहा किलोमीटरवर, सायकलने सहज होतं. रिकविर आणि कायसर्सबर्गला बस. पण बहुतेक मार्गांवर रविवारी आणि सुट्टीला बस नसते, म्हणून रविवार कोलमारसाठी राखून ठेवा. अल्सासमध्ये गुड फ्रायडे आणि 26 डिसेंबर याही सार्वजनिक सुट्ट्या आहेत. उरलेल्या बहुतेक फ्रान्समध्ये त्या नसतात, त्यामुळे सर्वसाधारण यादीत दिसत नाहीत. रिकविरला दहाच्या आत पोचा, नंतर मुख्य गल्लीत टूरच्या बसमधली गर्दी उतरते. ओ-क्योनिग्सबूर किल्ल्यासाठी सेलेस्ता स्थानकावरून बस आहे, पण ती ऋतूनुसार धावते. वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. आज दिसणारा किल्ला 1900 ते 1908 दरम्यान जर्मन सम्राटासाठी पुन्हा उभारलेला आहे, तेव्हा अल्सास जर्मनीकडे होतं. सह्याद्रीतल्या पडक्या तटांची सवय असलेल्या डोळ्यांना तो फार कोरीव वाटेल, तरी वरून दिसणाऱ्या द्राक्षमळ्यांसाठी जाच.

गावात घराजवळ जाऊन लाकडी सांगाडा बघा. तळमजला बहुधा दगडी, वर ओकचे वासे, मधल्या चौकटीत काठ्या-गवत-मातीचं लिंपण. सांध्यांत लाकडी खुंट्या असतात, आणि शेजारच्या दोन वाशांवर सुताराने कोरलेल्या खुणा दिसतात. कोणता वासा कुठे बसवायचा हे त्यावरून कळे. म्हणूनच अशी घरं उतरवून दुसरीकडे उभी करता येतात. उंगर्सहाइमजवळच्या खुल्या संग्रहालयात (1984) सत्तरहून जास्त घरं अशीच आणून मांडली आहेत. आमच्या मते मुलं बरोबर असतील तर किल्ल्याआधी हे.

शाकाहारी मंडळींनी जेवणाबाबत सावध राहावं. पिझ्झासारख्या पातळ कुरकुरीत फ्लामकुख्यवर सहसा डुकराच्या मांसाचे तुकडे (लार्दों) असतात. ऑर्डर देतानाच 'सां लार्दों', म्हणजे लार्दोंशिवाय, असं म्हणा. शूक्रूत (आंबवलेला कोबी) मांसासकट येतं. कुगलहोफ केक गोड असतो, पण खाऱ्या प्रकारात लार्दों असतात आणि गोड्यातही अंडं असतंच. सूपचा रस्सा कशाचा आहे हे विचारा. बटाट्याबरोबर मिळणारं 'बिबलस्कास' हे लसूण-कांदापातीचं ताजं चीज पोटभर होतं. स्वयंपाकघरं साधारण 12 ते 2 आणि 7 ते 9 एवढ्याच वेळात चालू असतात. तीन वाजता भूक लागली तर बेकरीशिवाय पर्याय नाही. 'उन काराफ दो' म्हटलं की नळाचं पाणी फुकट मिळतं. घरून खाकरा, थेपले, चटण्या न्या. तूप, पेढे, श्रीखंड मात्र नको: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.