स्कूकिलकाठच्या झाडीतला डिस्क गोल्फ : नव्याने आलेल्यांसाठी

फिलाडेल्फियात नव्याने आलेल्या मराठी मंडळींना घर, गाडी आणि लायसन्स यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. शनिवारची सकाळ कुठे घालवावी, हे मात्र कोणी सांगत नाही. माझे उत्तर ठरलेले आहे : फेअरमाउंट पार्कमधले सेजली वुड्स. ज्या स्कूकिल नदीचे नाव इंग्रजी पाटीवर वाचून उच्चारताना आपण सगळेच सुरुवातीला अडखळतो, तिच्या पूर्वेकडच्या झाडीत डिस्क गोल्फचे हे २७ होलचे मैदान १९७७ पासून आहे. डिस्क गोल्फचे पहिले कायमस्वरूपी मैदान एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियात १९७५ मध्ये उभारले, हे लक्षात घेतले की आपले मैदान किती जुने आहे, ते कळते. येथे प्रवेशशुल्क नाही आणि गोल्फ क्लबासारखा पोशाखाचा दंडकही नाही.

खेळ सोपा आहे. प्रत्येक होलला टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या जागेवरून, डिस्क म्हणजे फ्रिसबीसारखी चपटी तबकडी फेकायची, ती जिथे थांबेल तिथून पुढची फेक करायची आणि साखळ्या लटकवलेल्या लोखंडी बास्केटमध्ये ती कमीत कमी फेकींत पोहोचवायची. बास्केटपासून १० मीटरच्या आत आलात, की फेकल्यानंतर तोल सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. नवखे खेळाडू हमखास चुकतात ते इथेच.

दुकानात गेल्यावर सर्वांत लांब जाणारी, ‘ड्रायव्हर’ नावाची डिस्क घेण्याचा मोह होईल, तो आवरावा. ड्रायव्हर सरळ जाण्यासाठी हाताला जो वेग लागतो, तो नवशिक्याकडे नसतो. त्यामुळे उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन, फेकलेली डिस्क लवकरच डावीकडे वळते आणि झाडीच्या मैदानात डावीकडे झाडेच असतात. एक पटर (बास्केटजवळच्या फेकीची डिस्क) आणि एक मिडरेंज (मधल्या अंतराची) एवढ्यावर पहिले सहा महिने निभावतात. दोन खोडांमधली फट हेरून तेथून सरळ जाणारी आखूड फेक इथे खरी उपयोगाची. झाड म्हणजे नव्वद टक्के हवा, असे इथले खेळाडू थट्टेने म्हणतात. उरलेले दहा टक्के माझ्या डिस्कला कसे नेमके सापडतात, हे मला अजून उमगलेले नाही. क्रिकेट खेळलेल्यांना फोरहँड, म्हणजे हात बाजूने आणून केलेली फेक, लवकर जमते, कारण बाजूने चेंडू फेकताना किंवा तळ्यावर चपटा दगड भिरकावताना मनगटाला जो झटका देतो, तोच येथे लागतो.

डिस्क हिरवी किंवा तपकिरी घेऊ नये, आणि ऑक्टोबरात लाल-नारिंगीही नको. त्या दिवसांत जमिनीवर पानांचा जाड थर असतो आणि डिस्क सुरीसारखी आडवी त्याखाली शिरते. फेकल्यावर तिने शेवटी कोणत्या झाडाच्या बाजूला वळण घेतले, ते लक्षात ठेवून थेट त्या झाडाकडे चालत जावे आणि पाने पायाने बाजूला सारावीत. नियमाप्रमाणे शोधायला तीनच मिनिटे मिळतात. मित्रांत खेळताना कोणी घड्याळ लावत नाही, पण मागे दुसरा गट थांबला असेल, तर त्याला आधी पुढे जाऊ द्यावे.

शोधताना हात कुठे घालतो, याचे भान मात्र हवेच. पहिल्याच उन्हाळ्यात मी तीन-तीन पानांच्या एका चकचकीत वेलीतून डिस्क उचलली आणि त्याच हाताने मानेवरचा घाम पुसला. ती पॉयझन आयव्ही नावाची विषारी वेल होती; पुढचे दोन आठवडे मान फोडांनी भरली होती. तिचे तेल डिस्कवर आणि कपड्यांवरही टिकते आणि हिवाळ्यात पाने झडल्यावर खोडाला चिकटलेल्या केसाळ वेलीतही ते असते, म्हणून घरी आल्यावर साबणाने डिस्कही धुवावी. दुसरी काळजी गोचिडीची. लाइम रोग पसरवणारी पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असतात. तेव्हा लांब मोजे घालावेत आणि आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत व केसांत नीट पाहावे. गोचीड चिकटलेली दिसल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. तिच्यावर रॉकेल किंवा तेल ओतण्याचा घरगुती उपाय करू नये. नंतर चट्टा उठला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना गाठावे.

ही बाग सर्वांची आहे. कुत्र्याला फिरवणारे आजोबा आपल्या रेषेत आले, तर ते जाईपर्यंत थांबावे, आणि डिस्क कोणाच्या दिशेने वळलीच, तर लाजेपोटी गप्प न राहता ‘फोर!’ असा गोल्फमधला सावधगिरीचा इशारा मोठ्याने द्यावा. आड येते म्हणून जिवंत फांदी मोडणे इथे अत्यंत गैर समजले जाते.

शेवटचे म्हणजे, डिस्कच्या मागे पक्क्या मार्करने आपला फोन नंबर लिहावा. माझी हरवलेली निळी पटर पाच महिन्यांनी, बर्फ वितळल्यावर, एका अनोळखी माणसाला सापडली आणि त्याने मेसेज केला : ‘तुमची डिस्क पहिल्या टीजवळ ठेवली आहे.’ संध्याकाळी गेलो, तेव्हा ती तिथेच होती, धुऊन पुसलेली.